मुठीतला फ्यूज

दौंडचे वायरिंगवाले मामा आमच्या शिरूरच्या स्टुडिओत आले की आधी बोर्डातला फ्यूज उपसून शर्टाच्या खिशात टाकत, वर बटण लावत आणि मगच मशिनच्या रॅकमागं शिरत. बोलणं कमी, हुंकार जास्त.

भीमगीतांच्या कॅसेटच्या दिवशी नवा अॅम्प्लिफायर जोडायचा होता. मामांचा खिसा नेमका उसवलेला. कधी नव्हे तो फ्यूज त्यांनी माझ्या हातात दिला. "धरा. कुणाला दिऊ नगा."

मला उगाच मोठं झाल्यासारखं वाटलं.

वरवंडचे गायक घामानं निथळत होते. माझा भागीदार वैतागला. "अरे, पंख्यापुरता लाव की! मामांना काय होतंय?" त्यानं माझं मनगटच पिरगाळलं. रॅकमागचा स्क्रूड्रायव्हर थांबला. मी मूठ सोडली नाही.

काम संपल्यावर मामांनी फ्यूज मागून घेतला, बोर्डात बसवला. पंखा हललाच नाही. मग ते बाहेर मीटरपाशी गेले, पिशवीतून मेन स्विचचा, आधीच उपसून ठेवलेला दुसरा फ्यूज काढला आणि तिथं बसवला. पंखा फिरला.



"इस्वास हाय तुमच्यावर," मामा पिशवी उचलत म्हणाले, "पर आतमदी हात माझा व्हता."