भाकरी मोजायच्या नसतात

शी! त्या तासाची आठवण आली की अजून तोंड कडू होतं माझं.

बी.एड. करून दोन वर्षं घरीच होते, मळ्यातली वांगी तोडत. नेरडीगोंड्याकडच्या एका खासगी इंग्रजी शाळेनं बोलावलं: तिसरीला एक तास शिकवून दाखवा, जमलं तर उद्यापासून या. नाही जमलं तर बाबा माझं लग्न उरकणार होते. तसं त्यांनी सांगूनच टाकलं होतं.

शिकवायचं होतं एवढंच, की मोजता येतं त्याच्याआधी इंग्रजीत 'अ' किंवा 'अ‍ॅन' लावायचं, मोजता येत नाही त्याला नाही. फळ्यावर हत्ती-छत्री काढत कोण बसणार? मी पिशवीच भरून नेली. वांगी, अंडं, मीठ, ज्वारीचं पीठ, कापूस, शिवाय माझा जेवणाचा डबा. टेबलावर दोन टोपल्या मांडल्या. पोरं लय खूश. वांगं इकडं, पीठ तिकडं, धडाधड चाललं होतं. मागं शाळेचे मालक पान चघळत बसले होते.

एका चिमुरडीनं डब्यातल्या भाकरी उचलल्या नि मिठाशेजारी ठेवल्या.

"अगं, तिकडं काऊन?"

"भाकरी मोजत नाईत टीचर. मोजल्या का बरकत जाते. माय रागावते."

आमच्या घरीही हेच. भाकरी मोजलेल्या आईला खपत नाहीत. हसूच आलं मला. घरी तुझंच बरोबर, असं सांगणारच होते, तेवढ्यात मालक खिडकीतून पचकन थुंकले.

"क्या देहाती लडकी है! मॅडम, दो लगाव इसको. अपने यहाँ ढील नहीं चलती."

मालक माझ्याकडंच पाहून राह्यले होते.

आणि मी पट्टी उचलली. पोरीनं आपणहून हात पुढं केला. दोन मारल्या. ती रडलीसुद्धा नाही.

"अब बनी बात," म्हणत त्या माणसानं पानानं लाल झालेल्या बोटांनी माझी भाकर मोडली नि तोंडात कोंबली. "कल से आ जाव."

त्याची किळस आली, आणि त्याहून जास्त माझी.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी वर्गातून फिरत होते. ती पोरगी मला बघून दचकली. काही विचारायच्या आधीच तिनं घाईघाईनं डबा उघडला आणि एकेका भाकरीवर बोट ठेवत मोजायला लागली.

"वन... टू... थ्री..."

"गुड," मी म्हणाले.