विहिरींचे नंबर

बाळांनो, तुमच्या आजोबांच्या विहिरींची फाइल काल तुम्हा दोघांना पाठवली. ती कुठल्याही प्रोग्रॅममध्ये उघडण्याआधी आजीचे हे वाचा. पुढच्या आठवड्यात माझे मोतीबिंदूचे दुसरे ऑपरेशन आहे. नंतर एवढे टंकायचा उत्साह राहील असे वाटत नाही. आत्ताही फारसा नाही.

आजोबा अकोल्याला पाणी तपासायच्या कामावर होते. बाळापूरकडे एका विहिरीचे पाणी गोड, तर शंभर पावलांवरच्या दुसरीचे तोंडात धरवत नाही. सुटीच्या दिवशी ते स्कूटरवर जात, चव घेत, कठड्यावर रंगाने नंबर घालत आणि वहीत नंबरांच्या क्रमाने नव्हे, वाटेने लागेल तशी नोंद करत: १४, ९, २२. त्यांच्या शब्दावर लोक पाणी पीत. ते गेल्यावर वह्यांना वाळवी लागली. अमरावतीला आल्यावर दोन हिवाळे बसून मी सगळे टंकले आणि वह्या जाळल्या.

टंकताना एक शहाणपणा केला. मराठी आकडे काढून इंग्रजी घातले, प्रत्येकापुढे टिंब. इंग्रजी शाळेत शिकलेल्या मला ते नीटनेटके वाटले. साध्या मजकुरात खुणा घालायची ती मार्कडाउन पद्धत तुमच्यातल्या थोरलीने शिकवली होती: ठळक शब्दाला दोन्हीकडून तारका, मथळ्याआधी # ही जाळीची खूण.

गेल्या उन्हाळ्यात तिकडच्या एका गावचे सरपंच आले. बोअर खारट झाले होते. जुनी गोड विहीर शोधून गाळ काढायचा होता. मी फाइल एका प्रोग्रॅममधून छापून कागद दिला. त्यात सोळा नंबरपुढे 'गोड' होते. गावाने पंधरा दिवस गाळ उपसला. मग फोन आला.

"काकू, पानी त खारंच हाये. लोकं मले इचारून राह्यले, कागद कोनाचा होता. काय सांगू?"

मी फाइल साध्या मजकुरासारखी, टंकली तशीच उघडली. तिथे 14, 9, 22. कागदावर 14, 15, 16. थोरलीच्या प्रोग्रॅममध्ये 1, 2, 3. तिने सांगितले, ओळीच्या आरंभी आकडा आणि टिंब दिसले की प्रोग्रॅम त्याला यादी समजतो आणि आपल्या मनाने क्रम लावतो. पद्धत निघाली तेव्हा काटेकोर नियम कुणी लिहिलेच नव्हते. ज्याने त्याने समजुतीने चालवले, नियम मागून आले. मराठी आकड्यांना मात्र हे प्रोग्रॅम हात लावत नाहीत. आजोबांचे आकडे तसेच ठेवले असते, तर काही झाले नसते.

सरपंचांना सांगितले की चूक माझी, त्यांची नाही. गोड आहे ती बावीस नंबरची.

"तुमी म्हनता त खरं असंन," ते म्हणाले. "पन थेबी खारी निंगाली त? बुढ्या मानसायच्या हाती पुन्हा कुदळ द्याले मले तोंड नाही."



मग नियमांचे पान लिहायला बसले, थोरलीने सांगितले तसे: आधी सर्वांत लहान गोष्ट ठरवायची, तिच्यावर मोठी रचायची. अंक म्हणजे ० ते ९, मराठीच. क्रमांक म्हणजे एक किंवा अधिक अंक. नोंद म्हणजे 'विहीर' हा शब्द, मोकळी जागा, क्रमांक, स्वल्पविराम, चव. दुसरे काही आले तर प्रोग्रॅमने अंदाज न करता थांबायचे. कॉलेजात मुलांना मी वाक्यांचे असेच तुकडे करायला शिकवले, आणि तेव्हाही कंटाळा यायचा. पान एकच, पण तीन आठवडे गेले. आजोबांनी मध्येच 'नऊ अ' लिहिले आहे. कुठे चवीच्या जागी 'बाईने पाणी भरू दिले नाही' एवढेच. नियम पुन्हा मोडून बांधायचे. सारी फाइल त्या नियमांनी नव्याने लिहिली.

दिवाळीनंतर सरपंच कुणाला न सांगता एकटे बादली-दोर घेऊन बावीस नंबरवर गेले. परत आल्यावर फोन करून काय पाहिले, काय चाखले तेवढे सांगितले. गावाने यंदा टँकरच लावला आहे. गाळ काढायचे अजून कुणी मनावर घेतलेले नाही.

बावीस नंबरची विहीर आहे. तिच्यात हातभर पाणी आहे, आणि ते गोड आहे.