मोहाखाली न दिलेली हाक

अक्षर किरटं आहे, शुद्धलेखनाचं तर विचारूच नका — चौथीनंतर पाटी सुटली ती सुटलीच. सांभाळून घ्या. हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही, आईला नाही. काल सकाळपर्यंत कुणालाच नाही.

मोठी जाऊ — तिला मी ताई म्हणते — आणि मी पुण्यात मार्केट यार्डात कांदा निवडतो. ताईचा उजवा डोळा गेलाय, गालाची कातडी ओढून शिवलेली. खराडीच्या एका ऑफिसात साफसफाईचं काम होतं. मला घेतलं, तिला म्हणाले, नंतर कळवतो. मग मीही गेले नाही. लोक म्हणाले, जावेवर केवढी माया! — माया? पुढे वाचा, मग ठरवा.

यार्डातल्या बायका विचारतात, "अस्वलाशी कुस्ती खेळलीस का गं?" ताई म्हणते, "खेळले. माझं तोंड पाहूनच ते पळालं." सगळ्या हसतात. मी मान खाली घालून कांदे निवडते.

आमचं गाव चंद्रपूरकडे, जंगलाला लागून. उन्हाळा लागला की मोहाची फुलं पडतात. रात्रभर अस्वलं खातात, पहाटे बायका वेचतात. म्हणून पुढे चालणारीनं लांबूनच मोठ्यानं हाक द्यायची, थांबायचं, अस्वलाला निघून जायला वेळ द्यायचा. मगच झाडाखाली.

मी नवी सून, आवाज बारीक. एकदा मी हाक दिली तर बायका पोट धरून हसल्या — "ही हाक म्हणावी की शिंक?" एवढंच. एवढ्याशानं कुणाला लाज वाटते का? मला वाटली.

दुसऱ्या दिवशी ताई ओढ्यावर पाणी भरायला मागे राहिली. मी पुढे. बाकीच्या बायका येतच होत्या — माझं तोंडच उघडेना. ताई आली. "हाक देल्ली का वं?" मी म्हणाले, "देल्ली." ती माझ्या पुढे गेली.

मादी होती. पाठीवर पिल्लू.

मग गावानं विचारलं, जंगल खात्याच्या माणसानं विचारलं — हाक दिली होती? मी म्हणाले, दोनदा. गाव म्हणालं, हाकेला न भिणारं अस्वल ठेवायचं नाही. कुऱ्हाडी घेऊन गेले. त्या मादीचं काय चुकलं होतं? आम्ही आलोय हे तिला कुणी कळवलंच नव्हतं. पिल्लू काही दिवस ओरडत होतं. मग ओरडेनासं झालं.

एवढ्यावर राहिलं असतं तर मी मरेपर्यंत बोलले नसते. खरं तेच लिहिते. पण काल ताईच्या लेकीचा गावाहून फोन आला. ती आजीकडे असते, यंदा पहिल्यांदा मोह वेचायला जाणार. ताई तिला म्हणाली, "हाक-बिक कायले देतं? अस्वल आयकत नाही. माह्यं तोंड आठव."

मी फोन ओढून घेतला. "पोरी, हाक दिल्याशिवाय झाडाखाली जाऊ नको."

ताई म्हणाली, "काहून वं? तू तं देल्ली होती ना?"

"नव्हती देल्ली."

पोरगी तिकडे हॅलो, हॅलो करत होती. ताईनं माझ्या हातातून फोन घेतला. "काकू सांगते तसं कर. मोठ्यानं दे." आणि बंद केला.

घरात ती कधी चेहरा झाकत नाही. काल माझ्यासमोर झाकला. आज यार्डात ती दुसऱ्या ढिगापाशी जाऊन बसली. तिचं बरोबर आहे.