चंपतरावाचे नवे ब्रेक

नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात. मी घेते. चंपतराव. तोंडावर मी त्याले अहो-जाहो करते, सासूसमोर तं डोक्यावर पदरही घेते. पण त्याची गोष्ट सांगायची म्हटली का 'तो'च म्हणीन. 'ते गाडीखाली आडवे पडले होते' असं सांगितलं तं ऐकणाऱ्याले वाटेल, गेला का काय बिचारा.

हा माणूस कोराडीच्या पॉवर स्टेशनात स्टोअरमंधी होता. म्हणजे काय, तं जाळीच्या खिडकीत बसे. फिटर लोक येत, पाना मागत, हा पाना देई. सांजच्याले पाना वापस आला का फडक्यानं पुसून खुंटीले टांगे. जिंदगीभर लोकाईले पाने वाटले, स्वतः एक नट फिरवला नाही. पण घरी आला का आव असा, जसं काही टर्बाइन यानंच छातीवर उचलून बसवलं.

रिटायर झाला अन् आमच्या घराले साडेसाती लागली. पान्यांचा आख्खा संच विकत आणला. मिक्सर खोलला, तवापासून मी चटणी पाट्यावर वाटून राहिली. कूलर खोलला, तं हवा गेली अंगणात अन् पाणी आलं गादीवर. काही बोललं का म्हणे, "कुंदा, मी पॉवर स्टेशनचा माणूस आहो." मी म्हणे, "हो न, म्हणूनच आपल्या घरची लाइट जाते."

आता गाडी. जुनी, चांदीच्या रंगाची, दाराले एका जागी पोचा. तिच्यावर त्याचा जीव. मले कधी 'जेवली का' विचारलं नाही, पण तिच्या टायरमधली हवा रोज पाहे. त्याची माय, म्हणजे माही सासू रुखमाबाई, तिच्या डोळ्यात इंजेक्शन द्यायले नागपुरात धंतोलीतल्या दवाखान्यात न्या लागते. म्हातारी ऑटोत बसत नाही, हाडं खुळखुळतात म्हणते. लेकाच्या गाडीत मात्र राणीसारखी मागं बसते, खिडकी उघडून.

पोळ्यानंतर आम्ही रामटेकले गेलो. दर्शन झालं, गडावरून खाली उतरून राहिलो होतो. उतारावर यानं ब्रेक दाबला. गाडीनं विचार केला. यानं अजून दाबला. गाडीनं अजून विचार केला. मग ती थांबली, पण शिंगाडे विकणाऱ्या बाईच्या टोपलीत चाक घालून. कोणाले लागलं नाही, तेवढी रामाची कृपा. त्या बाईनं जे तोंड सोडलं ते ऐकून मले वाटलं, आपण उगाच स्वतःले तोंडाळ समजून राहिलो होतो.

मी तिथंच खाली उतरली. "या गाडीत पुन्हा बसली तं माहं नाव कुंदा नाही," असं म्हणून बसनं घरी आली. अन् मग माही पोरगी भूमिका नागपुरावरून आली. तिचं अन् बापाचं नाक सारखंच, जिद्दही सारखीच.

"बाबा, गाडी विकून टाका."

"काहून? ब्रेक झिजले. बदलतो मी."

"तुम्ही? कूलरसारखे?"

त्याचे कान मात्र लाल झाले. मले माहीत आहे ते कान. शेवटी असं ठरलं, का दसऱ्याले भूमिका अन् जावई अंकुश सोनं द्यायले येतील, तवा पाण्याच्या टाकीजवळच्या उतारावर चंपतराव गाडी थांबवून दाखवील. थांबली तं गाडी राहील. नाही थांबली तं चाबी भूमिकाच्या हातात, अन् म्हातारीले दवाखान्यात न्यायचं कामही तिचंच. म्हणजे हा माणूस आता खुर्चीत बसून पेपर वाचणार, एवढाच त्याचा अर्थ. घरातल्या सगळ्याईले तो समजला होता, त्यालेही.

मी म्हटलं, "गॅरेजमंधी टाका न बाप्पा. कायले जिवाचा आटापिटा?"

"गॅरेजवाला जुन्यासारखेच बसवून देईल. मले त्याच्याहून चांगले पाहिजे."

मग मोबाइलवर व्हिडिओ सुरू झाले. जेवताना ब्रेक, चहा पिताना ब्रेक. शेवटी नागपुरातून याच गाडीच्या महागड्या मॉडेलचं सामान घेऊन आला. जुन्या डिस्कपेक्षा मोठी, जाड डिस्क, मधातून हवा खेळायले जागा असलेली. तापली तरी ब्रेक सुटत नाही म्हणे. ती डिस्क त्यानं मले अशी दाखवली, जसं कोणी पाहुण्याले नातू दाखवते. मी म्हटलं, "ताट म्हणून बरी आहे."

अंगणात गाडी जॅकवर चढली, खाली स्टँड लागले, चाकं निघाली. अन् समोरच्या काचेले एक लाल पाटी टांगली: 'काम सुरू आहे. हात लावू नये.' पॉवर स्टेशनात तशी रीत आहे. मशीनवर पाटी असली का मोठा साहेबही बटन दाबत नाही. "ही पाटी जोवर आहे, तोवर कोणी जवळ यायचं नाही," त्यानं आम्हाले बजावलं. दूधवालाही मग फाटकाबाहेरूनच हाक मारे.

पण खोटं कायले बोलू, काम मात्र त्यानं मन लावून केलं. घाई नाही, आरडाओरड नाही. जंगलेला बोल्ट निघेना तं त्याच्यावर तेल सोडून दिवसभर थांबला. माह्यासाठी इतका दम त्यानं कधी धरला नव्हता. नवी डिस्क चढवायच्या आधी तेल काढायच्या दवाईनं धुतली, कोऱ्या कापडानं पुसली. मले म्हणे, "बोटाचाही तेलकटपणा लागू द्यायचा नाही, कुंदा. पॅड या डिस्कले पकडते, म्हणून गाडी थांबते. मधात तेल आलं का पकड गेली."

मग ब्रेकच्या पाइपातली हवा काढायची होती. त्याले दोन माणसं लागतात. मी शपथ मोडून आत बसली, कारण गाडी चालत नव्हती. तो खाली पडून नट ढिला करे अन् वरडे, "दाब!" मी पेडल दाबे. "धर!" मी धरे. "सोड!"

"अजून किती?" मी विचारलं.

"सोड म्हटलं नाही अजून, सोडलं काहून?"

"पाय दुखला माहा."

"हवा गेली न वं आत पुन्हा!"

शेजारची भागीरथा कुंपणावरून पाहून राहिली होती. तिनं विचारलं, "काय करून राहिले वं दोघं?" मी म्हटलं, "संसार." शेवटी पेडल दगडासारखं घट्ट झालं, तवा तो गाडीखालून निघाला. तोंड काळं, डोक्याले माती, अन् हसून राहिला. लग्नाच्या फोटोतही हा माणूस असा हसला नव्हता.

त्या दिवशी नवमी होती. आमच्या घरी नवमीले लोखंडाची पूजा. गावाकडे नांगर, वखर, विळे पुजत. इथं नांगर नाही, तं माही सासू विळी, कुऱ्हाड, शिलाई मशीन, गॅसची शेगडी, जे भेटेल ते पुजते. तिची रीत म्हणजे लोखंडाले आधी तेलाचं बोट, मग कुंकू, मग झेंडूचं फूल. तेल जवसाचं. गावावरून बाटली येते, गुडघ्यालेही तेच, देवाले अन् लोखंडालेही तेच.

आम्ही दोघं आत जेवायले बसलो. चाकं अजून लावायची होती, डिस्का उघड्या. म्हातारी ताट घेऊन अंगणात गेली. लाल पाटी होती समोर, पण तिले वाचता कुठं येते?

जेवून आम्ही बाहेर आलो तं डिस्कांवर कुंकू, खाली फुलं. चंपतराव हसला. "मायनं ब्रेकलेही नाही सोडलं." फडक्यानं कुंकू पुसलं, चाकं चढवली, नट आवळले. मलेही काही सुचलं नाही. कुंकू दिसते, तेल दिसत नाही. मी त्याले म्हटलं, गल्लीत एक चक्कर मारून पाहा. तं म्हणे, "नाही. उद्घाटन उद्या, भूमिकासमोर." घ्या! जसं काही पूलच बांधला यानं.

दसऱ्याच्या दुपारी सगळे टाकीजवळ जमले. भूमिका, अंकुश, मी, अन् कॉलनीतले चार रिकामटेकडे, जे कुठंही जमतात. म्हातारी काठी टेकत मागून येऊन राहिली होती. यानं स्वच्छ शर्ट घातला होता. रस्ता रिकामा होता. घरापासून टाकीपर्यंत चढच, म्हणून तोवर ब्रेक दाबायची गरज पडली नव्हती. गाडी वरून निघाली, उताराले लागली, अन् थांबायची खूण म्हणून ठेवलेल्या दगडाजवळ यानं ब्रेक दाबला.

गाडी जराशी अडखळली अन् सरकत राहिली. मले त्याचं तोंड काचेतून दिसलं. मी वरडली, "अहो!" दुसरं काही सुचलंच नाही. त्यानं हँडब्रेक खेचला, स्टिअरिंग फिरवलं, अन् गाडी भागीरथाच्या घरासमोर बांधकामासाठी पडलेल्या रेतीच्या ढिगात नाक खुपसून उभी राहिली.

आम्ही पळालो. तो धडधाकट होता. त्यानं डिक्कीतून जॅक काढला, तिथंच समोरचं चाक खोललं. डिस्कवरून बोट फिरवलं अन् नाकाजवळ नेलं. मी बाजूलेच वाकली होती. मलेही वास आला. जवसाचं तेल.

त्यानं माह्याकडे पाहिलं. मी तोंड उघडलं. माहा स्वभाव तुम्हाले आतापर्यंत समजलाच असेल, मी सोडणारी नाही. पण त्यानं मान हलवली. नाही म्हणून. एवढीशीच.

"काय झालं बाबा?" भूमिकानं विचारलं.

तो उभा राहिला. हात पुसले. "माहंच चुकलं," म्हणे. "बोल्ट ढिला राहिला असेल."

रिकामटेकड्यातला एक जण खिदळला, "काका, पाने वाटणं वेगळं अन् फिरवणं वेगळं!" बाकीचेही हसले. मले वाटलं, याच जॅकनं त्याच्या डोकशात हाणावं. चंपतराव मात्र खाली पाहून उभा होता. त्यानं चाबी काढली अन् न मागता भूमिकाच्या हातावर ठेवली. माह्या डोळ्यात टचकन पाणी आलं. कूलर बिघडवला तवा कबूल केलं नाही, मिक्सर बिघडवला तवा नाही, अन् आज, जिंदगीत पहिल्यांदा काही धड केलं होतं तवा हा माणूस म्हणून राहिला, माहं चुकलं!

तेवढ्यात म्हातारी येऊन पोचली. धापा टाकत होती. लेकाच्या तोंडावरून, खांद्यावरून हात फिरवला, कुठं लागलं का पाहिलं. मग आमच्याकडे वळून म्हणे, "पाहा, मी काल त्याच्या चाकाले तेल लावून पूजा केली होती. चांगलं रगडून लावलं. म्हणून वाचला माहा लेक!"

अंकुशनं खाली डिस्ककडे पाहिलं. भूमिका वाकली, तिनंही बोट लावलं, वास घेतला. लहानपणी आजीच्या कुशीत झोपलेली पोरगी ती. तिले वास ओळखायले वेळ लागला नाही.

"हो माय," चंपतराव म्हणाला. "तुह्यामुळंच वाचलो."

म्हातारीचं तोंड असं फुललं, का मी काय सांगू. भूमिका बापाकडे पाहत राहिली. मग तिनं चाबी त्याच्या शर्टाच्या खिशात टाकली अन् आजीचा हात धरला. "आजी, पुढच्या साली स्टिअरिंगची पूजा करजो वं. हात तं त्याच्यावरच असते न बाबाचा." म्हातारीले पटलं. चाकं खालीच राहते, धूळ लागते, म्हणे.

त्यानं पुन्हा सगळं खोललं. डिस्का धुतल्या, तेल पिलेले पॅड फेकून नवे आणले. अन् मग तो एकटाच गाडी काढून टाकीकडे निघाला. कोणाले बोलावलं नाही. मी पोळ्या टाकून राहिली होती. गॅस बंद केला, हात तसेच पिठाचे, अन् समोरचं दार उघडून त्याच्या बाजूले जाऊन बसली.

तो पाहतच राहिला. "काहून वं?"

"समोर पाहा न, गाडी चालवा."

गाडी वर गेली, फिरली, उताराले लागली. त्यानं ब्रेक दाबला. गाडी अशी जागच्या जागी उभी राहिली, का माहं कपाळ काचेले लागता लागता वाचलं अन् पिठाचे पंजे समोर उमटले.

"थांबली न?" त्यानं हळूच विचारलं.

"थांबली," मी म्हटलं. "आता मायले सांगू नका म्हणजे झालं. तिले वाटू द्या, तेलानंच थांबते."