सुरंगीचा वळेसर
सुरंगीच्या वळेसराचा वास आला की पणजीतला तो बंद हॉल आठवतो. टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेसाठी बहिणीसोबत गेलो होतो. दारं लावलेली, मोबाइल काढून घेतलेले. दुःखात फुलं शोभत नाहीत म्हणत कार्यक्रमाच्या बाईंनी तिच्या केसांतला वळेसर काढला आणि बाबा गेले तो दिवस पुन्हापुन्हा सांगायला लावला. ती रडू लागली. “मॅडम, माका गावूक दियात.” कॅमेरा हलेना. तेव्हा डिचोलीची एक स्पर्धक मुलगी पेटी घेऊन शेजारी बसली. “रडता कित्याक गो? तू गाय, हांव सूर धरतां.” बहीण गायली. टीव्हीवर फक्त रडणं दाखवलं. घरात ती रोजच गायची, म्हणून आम्ही कधी रेकॉर्ड केलं नव्हतं. आता ती नाही. आवाज ऐकावासा वाटला की मला तेच रडणं लावावं लागतं.