नवस फिटल्यानंतरची मोठीआई

मोठीआई कुणाकडे जेवायला गेली की आधी भांडायची, मग जेवायची. पोट भरल्यावर भांडायला मजा येत नाही, असं तिचं म्हणणं. माझ्या थोरल्या काकांची ही बायको. काका लवकर गेले आणि ती उरणजवळच्या आमच्या घरात, आमच्याच चुलीवर राहिली. आवाज असा की वरच्या आळीला निरोप धाडायची गरज पडत नसे.

लहानपणी मला रक्ताचा कॅन्सर झाला. मुंबईच्या मोठ्या इस्पितळात उपचार झाले आणि मी बरी झाले. निघताना डॉक्टरांनी बजावलं होतं, ज्या औषधांनी कॅन्सर गेला त्यांनीच पुढे हृदय कमजोर होऊ शकतं, तेव्हा दर वर्षी हृदयाचा इको काढायचा. वडिलांनी मान डोलावली. गावात येऊन नवस फेडला, देवीला बोकड दिला आणि जाहीर केलं, की आता इस्पितळाची पायरी चढायची नाही. नवस फिटल्यावर तपासायला जायचं म्हणजे देवीवर अविश्वास! गावानेही री ओढली. मला अजून संताप येतो. देवीने असं कुणाच्या कानात सांगितलं होतं?

त्या जेवणावळीतच, पानं वाढलेली असताना, मोठीआई उभी राहिली. "देवीनं जीव दिला. तो नीट चाललाय का, ते बगाला नको?" मग ती खाली बसली आणि दोनदा मटण मागून घेतलं.

पुढे दर वर्षी ती मला मोरा बंदरातून लाँचने मुंबईला, भाऊच्या धक्क्याला न्यायची. आई म्हणाली, गुपचूप जा. तर ही म्हणते, "कुनाची चोरी केली हाय?" आणि वाटेत भेटेल त्याला सांगत सुटायची. पडद्यावर माझं हृदय हलताना दिसलं की बैलाला म्हणावं तसं म्हणायची, "चल माझ्या राजा, चल."

एका वर्षी डॉक्टरांनी इको पुन्हा एकदा काढला. हृदयाची ताकद कमी झाली होती. मला ना धाप, ना सूज. मला काही कळलंच नव्हतं. "वेळेवर आलात," म्हणत त्यांनी गोळ्या सुरू केल्या. परतताना लाँचमध्ये मोठीआई माझा हात धरून गप्प बसली होती. तिला तशी मी कधी पाहिली नव्हती.

मग कामोठ्याचं स्थळ आलं. गोळ्यांचा विषय काढायचा नाही आणि मोठीआईला मागच्या दारी बसवायचं, असं घरात ठरलं. पाहुण्यांनी कप उचलले तशी ती बाहेर आली. "पोरीला कालजाच्या गोल्या चालू हायेत. दरसाल तपासाय लागतं. झेपंल त्यानं चहा प्यावा."

कप खाली ठेवले गेले. पाहुण्यांची जीप वळते न वळते तोच वडील कडाडले, "माझ्या घरात नको राहू!" जिच्यामुळे त्यांची पोर जिवंत होती, तिला! ती ट्रंक उचलून भावाकडे निघाली. मी मागे धावले, तर माझ्यावरच ओरडली, "धावू नको! इकोला जायचं तवा बंदरावर ये. मी हायच."

आणि ती असायची. दर वर्षी.

ती गेल्याचं मला दहावं उरकल्यावर कळलं. सगळ्यांना ठाऊक होतं, फक्त मला सांगितलं नाही. का, तर माझं हृदय नाजूक, धक्का बसेल! इतकी वर्षं ज्यांना माझ्या हृदयाची आठवण झाली नाही, त्यांना ती नेमकी तेव्हा झाली. तिचं तोंड शेवटचं पाहू दिलं नाही, हे मी कुणालाही माफ केलेलं नाही.