दारफाळणी आणि दसरा

सुरतेत आमच्यासाठी सिनेगॉग नाही, त्यामुळे किप्पूरचा, म्हणजे क्षमेच्या दिवसाचा, उपास घरीच होतो. आम्ही बेने इस्रायली, कोकणातले ज्यू. माझे सासरे अलिबागकडचे; त्यांच्या तोंडी या दिवसाचं नाव दारफाळणी. पांढरे कपडे घालायचे, अन्नपाणी वर्ज्य, आणि दार लावून देवाकडे क्षमा मागायची. बाहेरच्यांशी बोलायचंही नाही. मात्र ज्या माणसांना दुखावलं त्यांची क्षमा देवाकडे मागून चालत नाही. ती आधीच त्यांच्या घरी जाऊन मागावी लागते.

म्हणून आदल्या दुपारी सासरे शेजारच्या काकींकडे गेले. काकी जळगावकडच्या, यजमान उधन्याला लूमच्या कारखान्यात. मी सोबत होते.

"वर्षभरात माझ्याकडून काही चुकलं असेल तर माफ करा," सासरे म्हणाले.

"तुमचं काय चुकणार, बाबा?" काकी हसल्या.

एवढ्यावर थांबले असते तर निभावलं असतं. पण सासऱ्यांना अर्धवट माफी नको होती. "तुम्ही मिरच्या भाजता त्याचा ठसका लागतो, अशी सोसायटीत तक्रार झाली होती ना? ती मीच केली होती."

काकींचं हसू मावळलं. त्यांचा संशय खालच्या गुजराती कुटुंबावर होता. त्यांच्याशी त्यांनी बोलणंच टाकलं होतं. "बरं," एवढंच म्हणून त्या आत गेल्या. सासरे हलक्या मनाने घरी आले आणि संध्याकाळी दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी दसरा. सगळी सुरत फाफडा-जलेबीच्या रांगेत, आणि आम्ही कोरड्या घशाने प्रार्थनेत. सकाळीच बेल वाजली. भिंगातून पाहिलं तर काकी, हातात झाकलेलं ताट. मी कडीला हात घातला. सासऱ्यांनी नको म्हणून मान हलवली.

"आत असून उघडत नाहीत," बाहेरून आवाज आला. "माफी मागायला येता येतं. द्यायला आलं की दार बंद."

सासऱ्यांचा चेहरा उतरला. क्षमेच्या दिवशीच नवा अपराध घडला होता आणि त्याची माफी मागायला बाहेर पडायची सोय नव्हती. दिवसभर त्यांचं प्रार्थनेत लक्ष लागेना.

चांदण्या दिसून उपास संपल्याबरोबर, पाण्याचा घोटही न घेता, ते मला घेऊन काकींकडे गेले. दारफाळणी म्हणजे काय ते समजावून सांगितलं.

"पाणीसुद्धा नाही?" काकींनी विचारलं. त्या लगबगीने पाणी घेऊन आल्या, मग सकाळचा मऊ पडलेला फाफडा, जलेबी आणि आपट्याचं पान. "आधी सांगायचं ना, बाबा."

"आता खालच्यांकडेही जाऊन यायचं का?" मी विचारलं. "त्यांचा तर काहीच दोष नव्हता."

सासऱ्यांनी काकींकडे पाहिलं, काकींनी सासऱ्यांकडे.

"पुढच्या वर्षी बघू," सासरे म्हणाले. काकींनी त्यांना आणखी एक जलेबी वाढली.